नांदोर हिदेगकुटी: मागे येणारा आणि पुन्हा पुढे पोहोचणारा सेंटर फॉरवर्ड

विचारलेले प्रश्न तीन आहेत. हंगेरीचा नांदोर हिदेगकुटी हाच जगातला पहिला ‘फॉल्स नाइन’, म्हणजे नऊ नंबर घालूनही पुढे न थांबता मधल्या पट्ट्यात येऊन खेळणारा सेंटर फॉरवर्ड, होता का? तो इतका मोठा होता तर त्याच संघातल्या पुश्काशच्या मानाने त्याचं नाव इतकं कमी का ऐकू येतं? आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या संघात एखाद्याला त्याच्यासारखं खेळायला शिकवावं का? मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना फुटबॉल शिकवतोय, त्यामुळे माझा ओढा तिसऱ्या प्रश्नाकडे आहे. पण पहिले दोन ओलांडल्याशिवाय तिथे जाता येत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही, तो पहिला नव्हता. 1930 च्या दशकात ऑस्ट्रियाचा माथियास सिंडेलार सेंटर फॉरवर्ड असूनही खाली येऊन खेळायचा. 1940 च्या दशकात अर्जेंटिनात रिव्हर प्लेटचा आदोल्फो पेदेर्नेरा तेच करत होता. खुद्द हंगेरीच्या संघातही हिदेगकुटीच्या आधी दुसरा एक जण या जागेवर खेळून गेला होता, त्याच्याकडे पुढे येतो. तरीही ही चाल हिदेगकुटीच्या नावावर लागली, आणि माझ्या मते योग्य माणसाच्या नावावर लागली. कारण मागे येणं बऱ्याच जणांना जमत होतं. मागे येऊन खेळ रचायचा आणि तीच चाल संपायच्या आत पुन्हा गोलसमोरच्या बॉक्समध्ये हजर व्हायचं, हे त्याच्याइतकं कुणाला साधलं नव्हतं. हंगेरीकडून 69 सामन्यांत 39 गोल, ही काही निव्वळ मागे राहून पास देणाऱ्याची आकडेवारी नाही.

त्याचा जन्म 3 मार्च 1922 चा, बुडापेस्टमधला. सुरुवात गॅस कंपनीच्या संघातून, मग वीज कंपनीचा संघ. त्या काळी मध्य युरोपात कारखान्यांचे आणि कंपन्यांचे संघ असायचे, त्यातलेच हे. मधली वर्षं महायुद्धाने खाल्ली. 1945 च्या सप्टेंबरमध्ये रुमानियाविरुद्ध देशाकडून पहिला सामना खेळला, त्यातच दोन गोल केले. हे वाचून वाटेल की गाडी लगेच धावू लागली असेल. तसं झालं नाही. पुढची सहा-सात वर्षं तो राष्ट्रीय संघात आत-बाहेर होत राहिला. बहुतेक वेळा उजव्या विंगेवर, कधी आतल्या बाजूला, कधी बाकावर. 1947 मध्ये तो बुडापेस्टच्याच एमटीके या क्लबकडे आला आणि खेळाडू म्हणून शेवटपर्यंत तिथेच राहिला. 1951, 1953 आणि 1958 अशी तीन लीग विजेतेपदं त्याने या क्लबबरोबर मिळवली.

एमटीके हे प्रकरण समजून घेतल्याशिवाय हिदेगकुटी समजत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात जिमी होगन नावाचा इंग्रज प्रशिक्षक या क्लबकडे होता. चेंडू जमिनीवर ठेवा, छोटे पास द्या, चेंडू येण्याआधी कुठे जायचं ते ठरवा, ही शिकवण तिथे तेव्हापासून मुरलेली. कम्युनिस्ट राजवट आल्यावर क्लब गुप्त पोलिसांच्या ताब्यात गेला आणि त्याचं नाव काही वर्षांत अनेकदा बदललं. कधी टेक्स्टिलेस, कधी बाश्त्या, कधी व्होरोश लोबोगो, म्हणजे लाल झेंडा. तिकडे पुश्काश, बोझिक, कोचिश, त्सिबोर, ग्रोशिच ही मंडळी लष्कराच्या होनव्हेद क्लबमध्ये एकत्र आली. म्हणजे राष्ट्रीय संघाचा मोठा गट एका क्लबचा आणि हिदेगकुटी दुसऱ्या क्लबचा. पण राष्ट्रीय संघाने ज्या पद्धतीने जग हादरवलं, तिचा गाभा होनव्हेदमधून नव्हे, एमटीकेमधून आला होता.

तो आणणारा माणूस मार्तोन बुकोवी. झाग्रेबला बरीच वर्षं प्रशिक्षक राहून 1947 मध्ये तो एमटीकेला आला. त्या काळी जवळजवळ सगळे ‘डब्ल्यूएम’ खेळायचे: तीन बॅक, त्यांच्यापुढे मधल्या फळीतले दोन हाफ, मग दोन इनसाइड म्हणजे आतले फॉरवर्ड, आणि सगळ्यात पुढे दोन विंगर व त्यांच्या मधोमध सेंटर फॉरवर्ड. या रचनेत सेंटर फॉरवर्ड दांडगा लागायचा. स्टॉपरला, म्हणजे समोरच्या संघाच्या मधल्या बचावपटूला, खांदा लावून उभा राहणारा, हवेतले चेंडू डोक्याने खेळणारा. बुकोवीकडचा असा धिप्पाड फॉरवर्ड इटलीला निघून गेला आणि त्या मापाचा दुसरा मिळेना. मग त्याने ती जागाच खाली ओढली. नसलेल्या माणसाची उणीव भरत बसण्याऐवजी असलेल्या माणसांकडून वेगळं काम करून घेतलं. मैदानावरचे बरेच शोध असेच लागतात, तत्त्वज्ञानातून नव्हे, अडचणीतून.

या खालच्या जागेवर एमटीकेत आणि मग राष्ट्रीय संघात आधी खेळला तो पेतेर पालोताश. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सेंटर फॉरवर्ड तोच होता, हिदेगकुटी उजव्या विंगेवर. हेलसिंकी म्हटलं की आपल्याला खाशाबा जाधवांचं कांस्य आठवतं, आणि आठवायलाच हवं. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला होता. त्या युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात 2-0 ने हरवून हंगेरीने सुवर्ण घेतलं.

पालोताशची जागा बदलली ती पुढच्याच महिन्यात. 20 सप्टेंबर 1952 रोजी बर्नला स्वित्झर्लंडविरुद्ध हंगेरी 0-2 असा मागे होता. प्रशिक्षक गुस्ताव शेबेशने पालोताशला बाहेर काढून हिदेगकुटीला मधे आणलं. सामना 4-2 असा जिंकला आणि ती जागा हिदेगकुटीची झाली. तेव्हा त्याचं वय तीस होतं आणि पालोताश त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मुलांचे पालक माझ्याकडे येऊन ‘सोळा वर्षांचा झाला तरी याची जागा ठरेना’ म्हणतात तेव्हा मी हे वय मुद्दाम सांगतो. पालोताश काही साधा खेळाडू नव्हता. 1955 मध्ये युरोपातल्या क्लबांच्या युरोपियन चषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक त्यानेच केली, बेल्जियमच्या अँडरलेख्टविरुद्ध. मग फरक कुठे पडला? तीस वर्षांच्या हिदेगकुटीकडे विंगेवरची, इनसाइडची आणि मधली, अशा तिन्ही जागांची जाण होती. बाजूने येणारा पास कसा दिसतो आणि मधून पळणाऱ्याला काय हवं असतं, हे दोन्ही त्याने स्वतः भोगलेलं होतं.

आता लंडनचं वेम्बली स्टेडियम, इंग्लंडविरुद्ध. 25 नोव्हेंबर 1953. इंग्लंडला तोवर युरोप खंडातल्या कुठल्याही संघाने घरच्या मैदानावर हरवलं नव्हतं. (1949 मध्ये आयर्लंडने लिव्हरपूलला येऊन हरवलं होतं, पण इंग्रजांनी ते आपल्या सोयीने घरातलंच मानलं.) स्टेडियमवर लाखावर माणसं. खेळ सुरू होऊन मिनिटही झालं नाही तोच हिदेगकुटीने बॉक्सच्या तोंडाशी एक हूल दिली आणि चेंडू जाळ्यात मारला. मध्यंतराला 4-2, शेवटी 6-3. हिदेगकुटीचे तीन, पुश्काशचे दोन, बोझिकचा एक. हिदेगकुटीचा आणखी एक गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला, तो वेगळाच.

या सामन्यातला पुश्काशचा तो गोल, चेंडू तळव्याने मागे ओढून इंग्लंडचा कर्णधार बिली राइट याला घसरत पलीकडे पाठवणारा, सगळ्यांनी पाहिलेला असतो. मी मुलांना दाखवतो ते दुसरंच. मी त्यांना इंग्लंडचा पाच नंबर, हॅरी जॉन्स्टन, याच्याकडे बघायला सांगतो. वय 34, ब्लॅकपूलचा कर्णधार, त्याच वर्षी एफए कप उंचावलेला. अनुभवी माणूस. त्या काळी नंबर म्हणजे जागा आणि जागा म्हणजे काम. पाच नंबरने नऊ नंबरला धरायचं, संपला विषय. आणि इथे नऊ नंबर त्याच्यापासून पंधरा-वीस यार्ड लांब, मधल्या पट्ट्यात निवांत चेंडू घेतोय. जॉन्स्टन त्याच्या मागे गेला की मधे भगदाड पडणार आणि त्यात कोचिश किंवा पुश्काश घुसणार. तो जागेवर थांबला तर हिदेगकुटीला वळून, मान वर करून, हवा तिथे पास द्यायला मोकळीक. कबड्डीत कोपरारक्षकाला जागेवरून हलवायचं आणि बोनस भलतीकडे घ्यायचा, तसला हा प्रकार. फरक एवढाच की इथे रक्षकाला आपण हलायचं की नाही हेच कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

अशा वेळी हाफने खाली जाऊन नऊ नंबरला धरावं, हा उपाय कागदावर सोपा आहे. पण इंग्लंडचे हाफ कोचिश आणि पुश्काशच्या पहाऱ्यात अडकलेले, कारण ते दोघे नावाला इनसाइड असले तरी प्रत्यक्षात सगळ्यात पुढे उभे होते. शिवाय हिदेगकुटीच्या मागून योझेफ बोझिक चेंडू घेऊन वर यायचा. पायांनी संथ, पण पास देण्यात त्या काळात त्याच्या तोडीचे फार थोडे. दुसरा हाफ झाकारियाश जवळजवळ बचावातच, स्टॉपर लोरांतच्या शेजारी. हे सगळं एकत्र बघितलं तर पुढे ज्याला 4-2-4 (चार बचावात, दोन मधे, चार पुढे) म्हणू लागले ती रचना 1953 मध्येच उभी दिसते. एकटा हिदेगकुटी मागे आला असता आणि बाकीचे नऊ जण जुन्याच जागांवर राहिले असते, तर त्याचा काही उपयोग झाला नसता. ‘फॉल्स नाइन’ हा एका खेळाडूचा गुण नसून संघाची रचना आहे, हे इथे ध्यानात ठेवा. तिसऱ्या प्रश्नात ते लागणार आहे.

आणि तरीही रचनेत न बसणारं काहीतरी त्याच्यात होतंच. सहावा गोल पाहा. पुश्काश चेंडू अलगद उचलून बॉक्समध्ये देतो आणि तिथे हिदेगकुटी असतो, हवेतल्या हवेत थेट फटका मारायला. जो माणूस सामनाभर मधल्या वर्तुळाच्या आसपास दिसत होता तो तिथे पोहोचला कधी? पहारेकऱ्याची नजर चेंडूवर असताना. पुढे उभ्या असलेल्या फॉरवर्डला स्टॉपर सतत बघत असतो. मागून पळत येणाऱ्याला बघायचं काम नेमकं कुणाचं, हे कुणालाच ठाऊक नसतं.

त्या इंग्लिश संघातले सहा जण पुन्हा कधी देशासाठी खेळले नाहीत. त्यांत जॉन्स्टन होता आणि पुढे प्रशिक्षक म्हणून 1966 चा विश्वचषक जिंकून देणारा आल्फ रॅम्झीही होता. सहा महिन्यांनी, मे 1954 मध्ये इंग्लंड परतफेडीला बुडापेस्टला गेलं आणि 7-1 ने हरून आलं. त्यातही हिदेगकुटीचा एक गोल आहेच. मात्र इंग्लंडमध्ये एकाने हा धडा लगेच उचलला. मँचेस्टर सिटीने डॉन रेव्हीला नऊ नंबर देऊन खाली खेळवलं, 1955 मध्ये एफए कपची अंतिम फेरी गाठली आणि 1956 मध्ये कप जिंकला.

1954 च्या विश्वचषकात हिदेगकुटीचे चार गोल आहेत: पश्चिम जर्मनीवरच्या 8-3 च्या विजयात दोन, ब्राझीलविरुद्ध एक, आणि उपांत्य फेरीत उरुग्वेविरुद्ध एक. उरुग्वेचा सामना जादा वेळेपर्यंत लांबला, पाय थकले. चार दिवसांनी, 4 जुलैला, बर्नच्या पावसात अंतिम सामना. आठ मिनिटांत हंगेरी 2-0 ने पुढे, अठराव्या मिनिटाला 2-2, आणि 84 व्या मिनिटाला हेल्मुट राहनचा गोल. 2-3. चार वर्षं न हरलेला संघ नेमका तिथे हरला. पुश्काशचा दुखरा घोटा, जर्मनांच्या बुटांचे बदलता येणारे स्टड, शेवटच्या मिनिटांत नाकारलेला गोल, यावर पुष्कळ बोललं जातं. माझ्यासारख्याला जास्त महत्त्वाचं वाटतं ते जर्मन प्रशिक्षक सेप हेरबर्गरचं एक साधं पाऊल. त्याने होर्स्ट एकेल या तरुण, दमदार हाफला हिदेगकुटीच्या मागे लावलं. स्टॉपर जागेवरच राहिला आणि एकेल सावलीसारखा फिरत राहिला. वेम्बलीवर जॉन्स्टनला न सुटलेलं कोडं असं सुटलं. पूर्ण नाही, कारण हिदेगकुटीचा एक फटका तरीही खांबाला लागून परत आला. चार बोटं आत असता तर मी हा परिच्छेद वेगळा लिहिला असता.

आता दुसरा प्रश्न, नाव कमी का. याचं मुख्य कारण 1956 आहे. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला तेव्हा होनव्हेदचा संघ परदेशात होता. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परतले नाहीत. पुश्काश रिआल माद्रिदला गेला, बाकीचे दोघे बार्सेलोनाला. त्यांची दुसरी कारकीर्द सगळ्या युरोपने पाहिली. हिदेगकुटी तेव्हा 34 चा होता आणि तो मायदेशीच राहिला. 1958 चा विश्वचषक तो 36 व्या वर्षी खेळला, पण तो जुना संघ उरलाच नव्हता. वेल्सकडून निर्णायक सामना हरून हंगेरी पहिल्याच टप्प्यात बाहेर पडला. शिवाय सरळ बोलायचं तर पुश्काशचा डावा पाय डोळ्यात भरतो आणि हिदेगकुटीचं काम चेंडूपासून लांब चालतं. कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो.

त्याची प्रशिक्षकी मात्र लोकांना ठाऊक नसते आणि ती छोटी नाही. 1960 मध्ये तो इटलीत फिओरेंटिनाकडे गेला. 1961 मध्ये त्या संघाने इटालियन चषक तर जिंकलाच, वर देशोदेशींच्या चषकविजेत्यांच्या कप विनर्स कपच्या पहिल्यावहिल्या स्पर्धेत स्कॉटलंडच्या रेंजर्सला ग्लासगोत 2-0 आणि फ्लोरेन्समध्ये 2-1 असं हरवून तोही घेतला. दुसरा सामना 27 मे चा. चारच दिवसांनी, 31 मे ला, कोचिश आणि त्सिबोर बार्सेलोनाकडून युरोपियन चषकाचा अंतिम सामना खेळले. बर्नच्या त्याच मैदानावर. दोघांनीही गोल केले आणि दोघेही 2-3 असेच हरले. जिंकणाऱ्या बेनफिकाचा प्रशिक्षक बेला गुटमान, एमटीकेचाच जुना खेळाडू. असल्या योगायोगांवर माझा फारसा जीव नाही, पण हा सोडवत नाही.

परत आल्यावर 1963 मध्ये त्याने ग्योर या राजधानीबाहेरच्या क्लबला लीग जिंकून दिली. 1964-65 च्या युरोपियन चषकात ग्योर उपांत्य फेरीपर्यंत गेलं, तिथे पुन्हा बेनफिकाच आडवं आलं. आणि मग 1973 मध्ये तो इजिप्तमध्ये, कैरोच्या अल अहली क्लबकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इस्रायलशी युद्ध झालं, लीगचा हंगाम अर्ध्यावर बंद पडला. एखाद्या परदेशी प्रशिक्षकाने सामान बांधलं असतं. हा 1980 पर्यंत राहिला. तरुण पोरांचा संघ उभा केला, पाच लीग विजेतेपदं मिळवली. पुढे 1983 मध्ये आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला महमूद अल खतीब याच संघात मोठा झाला. कैरोत जुन्या अहलीवाल्यांसमोर त्याचं नाव काढलंत तर वेम्बलीआधी ही सात वर्षं निघतील. 14 फेब्रुवारी 2002 रोजी बुडापेस्टमध्ये तो गेला. एमटीकेच्या मैदानाला आज त्याचंच नाव आहे.

आता तुमच्या मुलांचं. एकाला नऊ नंबर देऊन ‘तू खाली ये’ एवढंच सांगितलंत, तर तो खाली येईल आणि तिथेच राहील. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता सरावाच्या पहिल्याच दिवशी वाट बघत बसतो. खाली चेंडू जास्त मिळतो, अंगावर कुणी येत नाही, मुलाला वाटतं आपण छान खेळतोय. आणि बॉक्समध्ये कुणीच नसतं. म्हणून मी उलट्या टोकापासून सुरुवात करतो. आधी त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना स्टॉपरच्या पाठीमागे पळायला शिकवा. नऊ नंबर मागे सरकला की त्या क्षणी त्यांनी आत कापलं पाहिजे. ते दोघे पळत नसतील तर हा विषय इथेच थांबवा, सरळ साधा फॉरवर्ड खेळवा, त्यात काही कमीपणा नाही.

ते जमलं की मधल्या मुलाकडे वळा. चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघण्याची सवय आधी लावा, कारण खालच्या जागेवर पाठीमागून येणारा दिसला नाही तर चेंडू जाणारच. मग वेळ. आपला हाफ चेंडू घेऊन समोर तोंड करून उभा असेल तेव्हाच खाली यायचं. त्याची पाठ असेल तर खाली येऊन फक्त गर्दी होते. आणि सरावाच्या सामन्यात एक नियम लावा: नऊ नंबरने खाली पास दिला की चाल संपायच्या आत त्याने बॉक्सच्या आत पाऊल टाकलंच पाहिजे, नाहीतर त्या चालीवरचा गोल धरायचा नाही. पहिले काही दिवस मुलं वैतागतात, गोल बाद झाला म्हणून भांडतात. भांडू द्या. पाय आधी दमतात, डोकं मागून शिकतं. त्या वयात दम कमी पडत असेल तर त्याला पूर्ण सामना या जागेवर ठेवू नका, अर्धा वेळ विंगेवर खेळवा. विंगेवरून खेळ कसा दिसतो हे त्यालाही कळू द्या.